फटफटीचा स्वभाव

आगगाडीचे नाव तिच्या पोटातल्या आगीवरून पडले, दुचाकीचे चाकांच्या संख्येवरून. मोटरसायकलला मात्र मराठीने जे घरगुती नाव दिले ते तिच्या आवाजावरून: फटफटी. वस्तू काय करते, कशी दिसते, कशावर चालते यापेक्षा ती कशी ऐकू येते हे भाषेला अधिक महत्त्वाचे वाटले. आज रस्त्यावरच्या बहुतेक मोटरसायकली फटफटत नाहीत. गुणगुणतात, शीळ घालतात किंवा काहीच बोलत नाहीत. आमची गाडी या शेवटच्या जातीतली. २०१४ साली घेतलेली, अडीचशे सीसीची, एका सिलिंडरची, पाण्याने थंड राहणाऱ्या इंजिनाची. तिची जाहिरात करायची नाही आणि तिला नावही ठेवायचे नाही, म्हणून तिचे नाव इथे सांगत नाही. गेले वर्षभर आमच्या घरात एका प्रश्नाचा काथ्याकूट चालू आहे: ही गाडी देऊन टाकून, लांबच्या प्रवासासाठी जिला काही ‘कॅरॅक्टर’ आहे अशी गाडी घ्यावी का?

‘आम्ही’ म्हणजे दोघे. दोघेही साहित्य शिकवतो. बहुतेक वेळ एक हँडल धरतो आणि दुसरी मागे बसते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर कधी कधी जागा बदलतात. सुट्ट्यांत आम्ही जे फिरलो त्याला कोणी वाङ्मयीन यात्रा म्हणाले तर आमची हरकत नाही. केशवसुतांचे मालगुंड, बहिणाबाईंचे आसोदे, ज्ञानेश्वरीच्या आठवणीचा खांब जपणारे नेवासे, आणि पुण्याहून सहाशे किलोमीटरच्याही पलीकडचे, महानुभावांचे रिद्धपूर. अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटरांत ही गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. आमचा मेकॅनिक तिचे तेल बदलताना दरवेळी थोडा खट्टू होतो. ‘सर, हिच्यात काही करायलाच नसतं,’ असे तो म्हणतो. ही स्तुती की तक्रार, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

आमचा सगळा प्रश्न त्याच्या या एका वाक्यात आहे. ज्या गाडीत काही करायलाच नसते, तिच्याशी नाते कसले? आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले. गुडघे आणि मणके साथ देतात तोवरची, म्हणजे फार तर आणखी दहा वर्षे अशी भटकंती होईल. ती उरलेली वर्षे एका निर्दोष, निःशब्द यंत्रावर काढायची, की ज्याची आठवण राहील अशा यंत्रावर? आमच्या नजरेसमोर होती रॉयल एन्फिल्डची इंटरसेप्टर: ६४८ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. भारतात ती २०१८ च्या नोव्हेंबरात आली. नाव मात्र १९६० च्या दशकातले, इंग्लंडातल्या रेडिच इथल्या मूळ कंपनीच्या गाडीचे.

निर्णयाआधी शब्दाकडे पाहणे ही आमची व्यावसायिक खोड. मोटरसायकलवाल्यांच्या बोलण्यातल्या ‘कॅरॅक्टर’ला मराठी प्रतिशब्द काय? ‘चारित्र्य’ म्हटले तर प्रकरण भलतीकडेच जाते. ‘व्यक्तिमत्त्व’ भारदस्त आहे, पण त्याला सत्कारसमारंभाचा वास येतो. जवळचा शब्द ‘स्वभाव’ हाच. आता मराठीत स्वभाव केव्हा निघतो ते पाहावे. कोणी वेळेवर आले, नीट वागले, काम करून गेले तर त्याच्या स्वभावाचा उल्लेख कोणी करत नाही. कोणी ताडकन बोलले, जेवणावरून उठून गेले, की मग घरातले मोठे माणूस म्हणते, ‘जाऊ दे, त्याचा स्वभावच तसा आहे.’ म्हणजे दोष पोटात घालायचा असतो तेव्हा आपल्याला स्वभाव आठवतो. आणि ज्याचे दोष पोटात घालावेसे वाटतात ते माणूस आपले असते. यंत्राला स्वभाव आहे असे आपण म्हणतो तेव्हाही हेच घडत असते. त्याचा त्रास होतो आणि तो त्रास आपण आपलेपणाने सोसतो.

जुन्या बुलेटवर वाढलेल्यांना हे निराळे सांगायला नको. १९५५ पासून तेव्हाच्या मद्रासमध्ये जुळू लागलेली, बीडाच्या इंजिनाची ती गाडी सुरू करणे हा एक विधी होता. आधी किक हलकेच दाबत जायचे, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसरचा छोटा खटका दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा आणि मग सबंध अंगाचा भार टाकून एकच किक. अंदाज चुकला तर किक उलटी फिरून नडगी फोडत असे. त्यामुळे बुलेट सुरू करता येणे ही गावात एक पात्रता होती. कुस्तीगीर, कारखान्याचे संचालक, फौजदार यांची ती गाडी. तिच्या आवाजावरून कोण आले ते घरातल्यांना कळे. हा स्वभाव कोणी आखून दिला नव्हता. लांब पल्ल्याचा जड पिस्टन, ढिले माप, हाताने लावायचे टायमिंग आणि वर्षानुवर्षांची झीज यांतून तो आपोआप साचला होता.

आज विकत मिळणारा स्वभाव मात्र आखलेला असतो. याचे उत्तम उदाहरण इंटरसेप्टरचे इंजिनच आहे. समांतर दोन सिलिंडरांच्या जुन्या इंग्रजी इंजिनांत दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होत आणि त्यांतले स्फोट समान अंतराने पडत: दर ३६० अंशांनी एक. इंटरसेप्टरच्या क्रँकमध्ये दोन पिस्टनांच्या जागा २७० अंशांनी फिरवून ठेवल्या आहेत. त्यामुळे एका स्फोटानंतर दुसरा २७० अंशांनी येतो आणि त्यानंतरचा ४५० अंशांनी. इंग्रजी व्ही अक्षरासारखे, काटकोनात सिलिंडर असलेल्या इंजिनाचा अडखळत चालणारा ठेका अशा रीतीने समांतर इंजिनातून काढता येतो. ही युक्ती यामाहाने १९९५ मध्ये टीआरएक्स ८५० या गाडीत वापरली आणि पुढे ती अनेकांनी उचलली.

वृत्ते शिकवणाऱ्याला या आकड्यांत लगेच ओळखीचे काही दिसते. चार ठोक्यांच्या इंजिनाचे एक आवर्तन ७२० अंशांचे. ९० अंशांची एक मात्रा धरली तर आठ मात्रांचे. जुने इंजिन ते चार आणि चार असे तोडते. नवे तीन आणि पाच असे. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त ज्यांना पद्मावर्तनी म्हटले त्या अष्टमात्रिक जातींवर आमच्या पिढीचा कान तयार झाला. आवर्तन पूर्ण आठाचे ठेवून आतले तुकडे विषम केले की चालीत कशी जान येते, हे आम्ही वर्गात फळ्यावर मात्रा मांडून दाखवतो. तेव्हा हा स्वभाव कृत्रिम आहे म्हणून खोटा आहे, असे आम्ही म्हणू शकत नाही. वृत्तही कृत्रिमच असते.

तरीही एक अडचण उरते. वृत्ताची विषमता कवीच्या म्हणण्याला चिकटून येते. इंजिनाची विषमता विक्री विभागाच्या अपेक्षेला चिकटून येते. हार्ले-डेव्हिडसनने १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजावरच व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगणारा अर्ज अमेरिकेत केला होता. वादविवादानंतर २००० साली तो मागे घेतला. आवाज हा इंजिनाचा परिणाम न राहता मालमत्ता होऊ लागल्याची ही खूण. उलट दिशेचेही उदाहरण आहे. २०२१ मध्ये क्लासिक ३५० नव्या इंजिनावर आली तेव्हा तिच्यात बॅलन्सर शाफ्ट बसवलेला होता. थरथर गेली, ठोका ठेवला. हातापायांना झोंबणारा भाग काढून कानाला सुखावणारा भाग राखला. जुने बुलेटवाले त्यावर कुरकुरले. आम्हाला ती कुरकुर समजते आणि ती थरथर गेली हे बरे झाले असेही वाटते. दोन्ही एकाच वेळी.

या प्रश्नाने आम्हाला इतके का छळावे? खरे कारण गाडीत नाही, वर्गात आहे. आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो की भाषा ही काच नव्हे. श्क्लोव्हस्कीने १९१७ मध्ये मांडलेला मुद्दा दरवर्षी नव्या उत्साहाने समजावत आलो: सवयीने आपल्याला वस्तू दिसेनाशा होतात, कला रूपाला अवघड करून, पाहणे लांबवून, त्या पुन्हा दिसतील असे करते. गुळगुळीत, अडथळा न करणाऱ्या गद्याविषयी आम्ही वर्गात फारसे आदराने बोलत नाही. आणि रस्त्यावर मात्र अकरा वर्षे आम्ही बसतो ते अगदी काचेसारख्या यंत्रावर! बोलणे एक आणि बसणे एक, असे एखाद्या चलाख विद्यार्थ्याने म्हटले असते तर आम्ही काय उत्तर दिले असते?

उत्तर शोधताना आम्ही, साहजिकच, पुस्तकांकडे गेलो. टी. ई. लॉरेन्स यांच्या ब्रफ सुपिरिअर गाड्या प्रसिद्ध आहेत. एकामागून एक सात गाड्या त्यांनी वापरल्या आणि १९३५ च्या मे महिन्यात सातवीवरच त्यांना जीवघेणा अपघात झाला. त्यांनी गाडीविषयी जे लिहिले त्यात गाडी जिवंत आहे, रक्तामांसाची आहे. पण रस्ता जवळजवळ वेगातच विरघळून जातो. चे गेव्हारा आणि त्यांचा मित्र १९५२ मध्ये निघाले ते जुन्या नॉर्टन ५०० वर. ती वारंवार मोडत होती, पाडत होती, म्हणजे स्वभावाला काही तोटा नव्हता. चिलीत तिने कायमची मान टाकली. त्यानंतर ते पायी, मालमोटारींतून, मिळेल त्या वाहनाने गेले आणि खाणकामगार, कुष्ठरोगी, भूमिहीन माणसे त्यांना भेटली ती मुख्यतः गाडी गेल्यावर. त्या प्रवासवर्णनाला ज्यासाठी आज वाचतात तो भाग, एका अर्थी, यंत्राने वाट मोकळी केल्यावरचा आहे.

तिसरे उदाहरण आम्हाला सर्वांत बोलके वाटते. मोटरसायकल आणि विचार यांची सांगड घालणारे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक रॉबर्ट पर्सिग यांचे, १९७४ चे. पर्सिग यांनी १९६८ मध्ये तो प्रवास केला तो १९६६ च्या होंडा सुपर हॉकवर: ३०५ सीसीची, मध्यम आकाराची जपानी गाडी. सोबतच्या मित्राकडे मोठ्या नावाची बीएमडब्ल्यू होती. तिचे हँडल ढिले झाले तेव्हा पर्सिगनी बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी सुचवली आणि मित्राला ती कल्पना अपमानास्पद वाटली. नाव त्याच्या गाडीला होते. नाते पर्सिग यांच्या गाडीशी होते आणि ते पान्यातून, तेलातून, रोज सकाळी कान देऊन ऐकण्यातून आले होते. त्यांची ती होंडा आज स्मिथसोनियनच्या अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

इथे एक सोयीची पळवाट आमच्यासमोर होती आणि ती घ्यायची नाही असे आम्ही ठरवले. ‘बघा, आमच्या जुन्या गाडीलाही आता स्वभाव आला आहे, तिच्या टाकीवरच्या प्रत्येक ओरखड्याला एक आठवण आहे’ असे म्हणून हा लेख गोड करता आला असता. ते खरे नाही. ओरखडे आहेत, पण ते ओरखडेच आहेत. गाडी आजही पहिल्या दिवसासारखीच गुळगुळीत चालते आणि तिच्याविषयी आम्हाला सांगण्यासारखे काही नाही.

मग एका माजी विद्यार्थ्याने आपली इंटरसेप्टर आम्हाला एका रविवारी दिली. दिवे घाट चढून सासवड, तिथून जेजुरी, पुढे मोरगाव. गाडी उत्तम. कोणतेही ढोंग नाही, घाटात तिसऱ्या गिअरवर ती ज्या सहजतेने ओढत होती त्याला तोड नाही, आणि कंपनीच्या सायलेन्सरातून येणारा आवाज कोणाला त्रास होईल असा मुळीच नाही. विषम ठेका कानापेक्षा मांड्यांना आधी कळतो. हँडल धरणारा खूष होता. जेजुरीला चहासाठी थांबलो तेव्हा मागे बसणारी म्हणाली, ‘तू सासवडपासून एक शब्द बोलला नाहीस.’

ते अक्षरशः खरे होते. आमच्या गाडीवर आम्ही पन्नास-पंचावन्नच्या वेगाने जातो आणि बोलतो. हेल्मेटमध्ये बसवायची ती यंत्रे आमच्याकडे नाहीत. मान थोडी वळवून, आवाज थोडा चढवून, अर्धी वाक्ये वाऱ्यावर सोडून बोलतो. घरात पेपर तपासायचे असतात, आजारी माणसाची औषधे असतात, फोन असतात. तिथे कामाचे बोलणे होते. या अकरा वर्षांत आमच्यात जे काही खरे बोलणे झाले, नोकरी सोडावी का, मुलीच्या निर्णयाला हो म्हणावे का, वडिलांना शेवटी इस्पितळात न्यावे की घरीच ठेवावे, ते बहुतेक या गाडीवर झाले. समोरासमोर बसून जे बोलता आले नसते ते, दोघांची तोंडे एकाच दिशेला असताना, बोलता आले. त्या रविवारी गाडी बोलत होती आणि हँडल धरणारा तिचे ऐकत होता. आवाज मोठा होता म्हणून नव्हे. ते ऐकण्यासारखे होते म्हणून.

मराठीला इंग्रजीसारखा एकच ‘वुई’ नाही. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. वाचकांशी बोलताना आम्ही ‘आम्ही’ आहोत. घरात एकमेकांशी बोलताना मात्र ‘आपण’. गाडी घ्यायचा विचार सुरू झाला तो ‘आपण गाडी बदलू या’ असा. जेजुरीच्या चहाच्या टपरीवर लक्षात आले की ते ‘आपण’ पुरते खरे नव्हते. यंत्राच्या स्वभावाची गोडी हातांतून, तळव्यांतून, घोट्यांतून येते. म्हणजे ती चालवणाऱ्याची. मागच्या सीटवर त्या स्वभावाचा फक्त परिणाम पोचतो. एकाची ज्याच्याशी मैत्री होते त्याची दुसरीला फक्त सोबत करावी लागते. अकरा वर्षांच्या त्या मुक्या गाडीवर दोघांचा हिस्सा सारखा होता, कारण घेण्यासारखे तिच्यात काही नव्हतेच. जे होते ते रस्त्यात होते.

श्क्लोव्हस्कीच्या प्रश्नाचे उत्तरही बहुधा इथेच आहे. रूपाने अवघड व्हावे, लक्ष वेधावे, हे बरोबर. पण प्रवासात कविता कोणती? गाडी ही कविता असेल तर तिने अडखळावे, गुरगुरावे, आपल्याकडे पाहायला लावावे. नेवाशाचा रस्ता, उसाच्या गाड्या, मालगुंडची लाल माती आणि पुढच्या-मागच्या सीटमधले बोलणे ही कविता असेल, तर गाडी तिचा वाचक आहे, किंवा शिक्षक. रंगीत व्यक्तिमत्त्वाचे शिक्षक आम्हाला लाभले. त्यांचे हातवारे, त्यांचे विनोद आजही आठवतात. त्यांनीच आम्हाला या विषयात ओढले हे ऋण आहेच. पण त्यांनी कोणती कविता शिकवली ते आठवावे लागते. एक अगदी साधे, सपाट आवाजाचे शिक्षक होते. त्यांच्याविषयी सांगण्यासारखी एकही गोष्ट आमच्याकडे नाही. त्यांनी शिकवलेल्या कविता मात्र पाठ आहेत.

व्यवहाराचा भागही सांगितला पाहिजे, नाहीतर आमचा निर्णय फारच तात्त्विक वाटेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. गरज कुठे संपते आणि शौक कुठे सुरू होतो याची रेघ सरकारने घनसेंटिमीटरांत आखून दिली आहे. शौकाला पैसे मोजण्यात आम्हाला गैर काही वाटत नाही; पुस्तकांनी भरलेले घर हा दुसरा काय प्रकार आहे? पण तेवढ्याच पैशांत आमच्या गाडीचा मागचा शॉक-अबसॉर्बर, चेन-स्प्रॉकेट, टायर आणि दोघांच्या मणक्यांना मानवेल अशी नवी सीट होऊन, रिद्धपूरच्या कित्येक फेऱ्या होतात.

तेव्हा गाडी बदलायची नाही असे ठरले आहे. नोंदणीची पंधरा वर्षे २०२९ मध्ये पुरी होतात, तोवर हीच. नव्या सीटचे माप मागे बसणारीने दिले आहे आणि येत्या दिवाळीच्या सुट्टीत पैठण-आपेगाव ठरले आहे. याचा अर्थ स्वभावाच्या गाड्या घेणाऱ्यांना आम्ही काही शिकवू पाहतो असा नव्हे. जो एकटा हिंडतो त्याला बोलणारी गाडी हवीच. त्याची ती सोबत आहे. आमच्यातल्या हँडल धरणाऱ्याला ते पटते, आणि कुठे तो विषम ठेका ऐकू आला की त्याची मान अजून वळते. मागची त्याला काही म्हणत नाही. स्वभाव गाडीलाच असतो असे थोडेच आहे?